ब्लँकेटभाऊ आणि उस्तादांचा डावा कान

आठवड्याचे पाच दिवस तो म्हाताऱ्या माणसांच्या कानांत डोकवायचा. महिन्यातले दोन शनिवार-रविवार छावणीच्या गोदामात बसून जवानांना ब्लँकेटं वाटायचा. पंचविशीत अंगात रग होती तेव्हा त्याने राखीव दलात नाव घातलं होतं. आता एक्केचाळिशी आली, रग कधीच विरली, पण नाव तसंच राहिलं. छावणीत त्याला सगळे ब्लँकेटभाऊ म्हणत. बाहेर हा माणूस कानाची मशीनं बनवतो आणि दुरुस्त करतो, हे सोळा वर्षांत तिथे कुणाला ठाऊक नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

एका शनिवारी गोदामात एक खोकं आलं. त्यात जवानांनी कानात घालायचे छोटे संच होते. वायरलेसवरचं बोलणं ऐकवायचं आणि गोळीबाराचा दणका अडवायचा, हे त्यांचं काम. तीनशेतले दोनशे बारा बंद पडले होते. भाऊने त्यांना ‘निकामी’च्या चिठ्ठ्या लावायच्या होत्या. पाच-पंचवीस लावल्यावर त्याला राहवेना. खिशातल्या बारीक स्क्रू-ड्रायव्हरने त्याने एक संच उघडला. आत बॅटरी टेकते त्या पत्र्यावर हिरवट बुरशीसारखा थर. घाम. दुकानात तो हे रोज बघायचा. स्पिरिटच्या बोळ्याने त्याने पत्रा पुसला आणि संच खरखरत जिवंत झाला.

त्याने साहेबांच्या नावे अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहून वर पाठवली. चार महिने त्या चिठ्ठीचं काय झालं ते देवच जाणे.

मग छावणीत एक नव्या मेजरबाई आल्या. त्यांनी राखीवच्या प्रत्येक माणसाकडून एक फॉर्म भरून घेतला. त्यात एकच खरा प्रश्न होता : घरी असता तेव्हा पोटासाठी काय करता? भाऊचा फॉर्म हातात धरून त्या स्वतः गोदामात आल्या.

“सोळा वर्षं तुम्ही कानाची मशीनं बनवता, आणि इथे ब्लँकेटं वाटता?”

“ब्लँकेटंही कुणीतरी वाटायलाच हवीत, मॅडम.”

त्या हसल्या नाहीत. “संच बनवणारी कंपनी म्हणते, नवी रचना करून, तपासून द्यायला तीन वर्षं लागतील. तुम्हाला किती लागतील?”

भाऊने उगाच कानामागे खाजवलं. “एक खोली द्या. आणि माझ्याबरोबर दोन माणसं.”

दोन माणसं त्याच फॉर्मांमधून निघाली. एकजण दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्यांचे साचे करायचा. छावणीत तो जीप चालवत होता. दुसरी शिलाई मशीनं दुरुस्त करणारी बाई. ती दारावर पास तपासायची. तिघांनी मिळून प्रत्येक जवानाच्या कानाचा साचा घेतला, बॅटरीचा पत्रा घाम पोचणार नाही अशा बाजूला वळवला आणि हवेच्या भोकावर पाणी न शिरणारा पातळ पडदा बसवला. नवव्या आठवड्यात चाळीस संच तयार झाले.

या नऊ आठवड्यांत भाऊचं पार पोतेरं झालं. दिवसभर दुकान, संध्याकाळी छावणी, सगळे शनिवार-रविवार छावणी. दुकानाच्या मालकीणबाई एकदा म्हणाल्या, “अरे, ते आजोबा दोन तास तुझ्या खुर्चीकडे बघत बसले आणि निघून गेले. मी त्यांना काय सांगू, तू युद्धावर गेलायस?” घरी बायकोने ताट वाढता वाढता ऐकवलं, “अहो, तुमचा आवाज ऐकायचा तर मलाही एक मशीन बसवून द्या.” तो हसला, आणि घास तोंडात असतानाच त्याचा डोळा लागला.

चाचणी गोळीबाराच्या मैदानावर होती. मैदान उस्तादांच्या ताब्यात. अठ्ठावीस वर्षं त्यांनी पोरांना नेम धरायला शिकवलं होतं. त्यांच्या सहीशिवाय तिथून टाचणीही पास होत नसे. एकोणचाळीस जणांनी संचाला चांगलं म्हटलं. उस्तादांनी स्वतःच्या कानातला काढून टेबलावर टाकला.

“अर्धे शब्द गिळतो हा. नापास.”

आवाज वाढवून दिला, साचा नव्याने केला, तरी नापास. मेजरबाई चिडल्या. “नवं काही आलं की यांच्या पोटात दुखतं.” भाऊ उस्तादांकडे बघत होता. डावीकडून कुणी बोललं की ते अख्खे वळायचे. समोरच्याच्या डोळ्यांत न बघता ओठांकडे बघायचे.

तिसऱ्या फेरीच्या वेळी एक जवान सात नंबरच्या निशाणाचा कागद बदलायला पुढे गेला आणि उस्तादांच्या वायरलेसवर ओरड आली, “सात नंबर थांबवा!” उस्तादांनी हात वर करून गर्जना केली, “आठ नंबर, थांब!” सातवरचा जवान ट्रिगरवर बोट ठेवून होता. शेजारच्या जीपवाल्याने झडप घालून त्याची बंदूक आभाळाकडे वळवली. गोळी वर गेली. कुणाला काही झालं नाही. वायरलेस खरखरला असेल, असं म्हणून सगळ्यांनी विषय संपवला.

भाऊने मात्र उस्तादांना पत्र्याच्या शेडमध्ये गाठलं.

“उस्ताद, तुम्हाला ‘स’ ऐकू येत नाही. डाव्या कानाने तर बहुधा निम्मंच येतं. बंदुकीचं तोंड त्या बाजूला असतं, अठ्ठावीस वर्षं.”

उस्तादांचा चेहरा लालबुंद झाला. “ब्लँकेटवाल्या, तू मला शिकवणार?” मग ते खोक्यावर बसले. “निवृत्तीला माझे अठरा महिने उरलेत. कळलं तर उद्या मैदानावरून काढतील.” त्यांचा आवाज खाली आला. “माझ्या संचात तेवढा ‘स’ घालून दे. तुला येतं ते. मी आत्ता सही करतो.”

भाऊला ते येत होतंच. दहा मिनिटांचं काम. सही झाली असती, तीनशे संच निघाले असते, आणि तो घरी जाऊन झोपला असता. त्याने दोन दिवस मागितले.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. “द्या ना करून. तुमचं हे एकदाचं संपेल तरी,” ती म्हणाली. जरा थांबून तिने विचारलं, “आणि ज्या दिवशी संच नीट बसला नाही, त्या दिवशी?”

तिसऱ्या दिवशी तो शेडमध्ये गेला. “उस्ताद, सात आणि आठच्या मध्ये कुणाचा तरी मुलगा उभा असतो. मी कुणाला सांगणार नाही. पण हे झाकायलाही मदत करणार नाही. बुधवारी दुकानात या, नीट तपासून देतो.”

उस्ताद निघून गेले. दोन बुधवार कोरडे गेले. भाऊला वाटलं, झालं, नऊ आठवडे पाण्यात. खरं सांगायचं तर वाईट वाटण्याइतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

तिसऱ्या बुधवारी ते आले. साध्या शर्टात, बायकोला घेऊन, म्हाताऱ्यांच्या रांगेत आपला नंबर लावून बसले. वर्दीशिवाय ते एकदम लहान दिसत होते. कानांच्या तपासणीचा आलेख कागदावर उतरला, डाव्या कानाची रेघ जिन्यावरून पडल्यासारखी खाली गेली. बायको म्हणाली, “मी चार वर्षं सांगतेय, हे टीव्ही लावतात की शेजारी दार वाजवतात.” म्हणता म्हणता तिचे डोळे भरले. उस्तादांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो कागद त्यांनी स्वतःच मेजरबाईंच्या टेबलावर ठेवला. संचावर ‘पास’ अशी सही केली आणि खाली जाड अक्षरांत लिहिलं : संच देण्याआधी प्रत्येकाचे कान तपासावेत. त्या तपासणीत सत्तावीस जवानांचे कान कमी भरले. सर्वांत लहान बावीस वर्षांचा होता. त्यांच्या कानांप्रमाणे संच जुळवून दिले, गोळीबाराच्या कामातून त्यांना हलवलं. तीन वर्षांचं काम आठ महिन्यांत झालं. मेजरबाईंना शाबासकी मिळाली, आणि त्यांनी ती बरीचशी भाऊच्या पदरात टाकली. लगोलग दुसरी फाईलही टाकली : चिलखताच्या आत गारवा कसा आणायचा.

“मॅडम, मला एक महिना सुट्टी द्या.”

“दोन आठवडे घ्या.”

दोन आठवडे तो निव्वळ झोपला.

उस्तादांना वर्गात नकाशे शिकवायला बसवलं होतं. दर दोन महिन्यांनी ते मशीन साफ करून घ्यायला दुकानात येतात. भाऊ विचारतो, नीट ऐकू येतं ना? ते मान हलवतात.

“नातीचं बोलणं येतं. पंखा येतो. वर्गातली पोरं मागे काय कुजबुजतात तेही येतं.” एकदा मशीन कानामागे अडकवता अडकवता ते म्हणाले, “तू केलंस ते बरोबर होतं. पण मैदानावरून जाताना मी तिकडे बघत नाही.”

भाऊने पुढच्या आजींना खुर्चीत बसवलं आणि दिवा त्यांच्या कानाकडे वळवला.