चुन्याचा उजेड

कळीचा चुना विझताना जो वास येतो तो ना मातीचा ना धुराचा. तापलेल्या दगडाने फार काळाने पाणी प्यावे आणि त्याच्या पोटातून एक उष्ण, कोरडा सुस्कारा बाहेर पडावा, तसा तो असतो. माघातल्या एका सकाळी कळंबच्या माझ्या खोलीच्या दारात पत्र्याच्या डब्यात चुना खदखदत होता आणि मी त्याच्यापुढे उकिडवा बसून होतो. शिवारात करडई फुलली होती, आभाळ इतके स्वच्छ की डोळ्यांना टोचावे, आणि गावभर वाहून चाललेल्या त्या उन्हातला चिमूटभरही अंश माझ्या पाठीमागच्या चार भिंतींत शिरत नव्हता.

खोलीला खिडकी नव्हती. दोन भिंती आडतीच्या गोदामाला लागून, तिसरी शेजाऱ्याची, चौथीत दार, आणि तेही झाकल्या बोळात उघडणारे. निजाम गेला, राज्य आपले झाले, पुढे भाषेचेही राज्य झाले. मिरवणुकांत घसा फोडून आम्ही ते आणले असे आम्हांला वाटते. पण भाड्याच्या खोलीला खिडकी कोण देणार? ‘प्रत्येक खोलीला एक खिडकी’ असे पत्रक मी स्वतः लिहिले, स्वतः छापून घेतले, आणि खळीची बादली घेऊन बाजारपेठेच्या भिंतीभिंतीवर स्वतः चिकटवले. घरमालकाने ते वाचले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, “माझी ज्वारी वरीसभर ह्याच अंधारात ऱ्हाती. ती कधी कुरकुरली न्हाय बगा.” बाजूचे हमाल हसले. त्या हसण्याचा संताप मला आजही येतो.

कारण त्या अंधारात माझी मुलगी गेली होती. इंदूला, माझ्या बायकोला, माहेरी तामलवाडीला पोहोचवायचे ठरले होते. पण दिवस भरायच्या आधीच ती अडली आणि बाळ याच खोलीत जन्मले. सुईणीने कंदील जवळ धरून श्वास चालतो का ते पाहिले. दुपार झाली, दुपार कलली, आणि खोलीत तेव्हाही रात्रच होती. नाव ठेवायच्या आधीच गेलेल्या लेकराचे काय करायचे ते आपल्याकडे ठरलेले आहे: काहीच करायचे नाही. ना दहावा, ना दिवा. ओढ्याकाठी पुरायचे आणि मुकाट घरी यायचे. “अजून माणसात आली नव्हती ती,” असे शेजारणी इंदूला समजावत होत्या आणि मी दात आवळून उभा होतो. माहेरी निघताना इंदू एवढेच म्हणाली, “तिचं तोंड म्या उजेडात बघितलंच न्हाय. ह्या अंधारात मला परत आणू नका.” पुढे मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, निरोप आला: पोरीला घेऊन येतो, खोली बघतो, राहण्याजोगी असली तर ठेवतो, नाही तर आल्या मोटारीने परत नेतो आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही.

दुसरी खोली मिळत नव्हती. पत्रकवाल्याला कोण देतो? मग वाचनालयातल्या एका जुन्या, कोपरे दुमडलेल्या साप्ताहिकातले एक चित्र माझ्या डोक्यात घर करून बसले. स्वीडन नावाच्या देशातली एक लहानशी खोली. खाली लिहिले होते की तिथे हिवाळ्यात सूर्य जेमतेम तोंड दाखवतो, आणि उत्तरेकडे तर कित्येक दिवस उगवतच नाही. म्हणून ती माणसे भिंती पांढऱ्या ठेवतात, लाकूड उघडे ठेवतात, सामान थोडे आणि बुटके, आणि दिवे टांगण्याऐवजी खाली, कोपऱ्यात लावतात, म्हणजे उजेड भिंतीवरून हळूच वर चढतो. मी ते चित्र पुन्हा पुन्हा जाऊन पाहिले. बर्फ मी कधी पाहिलेला नाही. पण सूर्य न उगवणारी जागा मला पाठ होती. ती माणसे तेवढ्यावर सुखाने राहतात, तर आपणही राहू, असे काहीतरी वेड्यासारखे मला वाटू लागले. बुडत्या माणसाचा विचार होता तो. मी त्याला योजना म्हणत होतो.

पत्रकांचे गठ्ठे मी मित्राकडे टाकले. कासीमचाचा सुतारांकडून चहाच्या खोक्यांच्या फळ्यांचे एक बुटके मेज करून घेतले. चाचांनी ते उलटेसुलटे पाहिले. “अरे बेटा, हे मेज हाय का बकरी बांधायचा खुंटा? यावर जेवायचं का याच्यावर बसायचं, ते तरी सांग, म्हणजे मी कुठं रंधा मारू ते कळंल.” मी म्हटले, स्वीडनला असेच असते. “मग तिथले लोक बुटके असतील,” असे म्हणून त्यांनी सगळीकडे रंधा मारला. खाटेवर पांढरी घोंगडी अंथरली. तांब्यात करडईची केशरी, काटेरी फुले ठेवली. आणि गोदामाच्या आंधळ्या भिंतीवर, जिथे खिडकी असायला हवी होती नेमके तिथे, खादीचा पांढरा पडदा टांगला. मागे नुसती भिंत. चुन्याचे हातांवर हात दिले, कोपऱ्यातली भुईसुद्धा पांढरी केली आणि तिच्यावर समई नव्हे, साधी पणती ठेवली, करडईच्या तेलाची. मात्र भिंतींवर कागद चिकटवण्यात ज्याची उमेदीची वर्षे गेली तो मी चुन्यात डिंक घालायचा विसरलो. वाळल्यावर चुना सुटू लागला आणि पणतीभोवती पिठासारखा सांडून राहिला. तरीही पणती लावली आणि उजेड खरोखरच भिंतीवरून वर चढला, दुधासारखा. मी एकटाच रडलो.

ती दोघे आली तेव्हा बाहेर टळटळीत दुपार होती. मामा उंबऱ्यावरच थबकले. त्यांनी मुंडासे काढून हातात घेतले आणि दबक्या आवाजात विचारले, “कोण गेलं, जावईबापू?”

मला कळेना. “कोणी नाही, मामा. खोली सजवली आहे.”

“अशी सजवत्यात?” त्यांनी पांढऱ्या भिंती पाहिल्या, पांढरी खाट पाहिली, पडदा उचलून मागची भिंत पाहिली आणि तो पुन्हा अलगद सोडला. “दिसाढवळ्या भुईवर दिवा, खाली पीठ… माणूस गेलेल्या जागी ठेवत्यात तसं. अहो, तुमी शिकलेली माणसं!”

“पीठ नाही ते. चुना आहे,” मी म्हणालो, आणि म्हणताम्हणताच मला ते दिसले. आमच्याकडे जीव गेला त्या जागी पीठ पसरून दिवा लावतात, आणि गेलेल्याची पावले पिठात उमटली का ते वाकून बघतात. या प्रकाराविरुद्ध मी चावडीवर भाषण केले होते, टाळ्याही घेतल्या होत्या. आणि आता दूरदेशीच्या चित्राबरहुकूम, जिथे बाळ गेले त्याच कोपऱ्यात, मी तो मांडून बसलो होतो. सगळे संपले, असे मला स्वच्छ वाटले.

“इंदे, चल,” मामा म्हणाले. “मोटार सुटंल.”

इंदू हलली नाही. तिने चपला बाहेर काढल्या, आत आली आणि पणतीपाशी खाली बसली. पदराने वात आडोशाला घेतली. मग म्हणाली, “एवढं तरी तिला आधी करायला पायजे होतं कुणी.” मामांनी तोंड फिरवले. इंदू आणखी खाली वाकली आणि तो सांडलेला चुना न्याहाळू लागली. “काय उमटलंय का, बघा की तुमी. मला डोळ्यांतल्या पाण्यानं दिसंना झालंय.”

उजेड जगण्यासाठी हवा, हक्काने हवा, असे मी पानेच्या पाने लिहिले होते आणि त्यातला एक शब्दही खोटा नाही. पण जी कधी उजेडात आलीच नाही तिला शोधायलाही तो लागतो, हे मला कुठल्या पत्रकात घालता आले असते? इंदू आता राहील की जाईल, मी विचारले नाही. गुडघे टेकून मी तिच्याशेजारी वाकलो, आणि छापखान्यातले प्रूफही कधी वाचले नसेल इतक्या जपून, श्वास रोखून, बोटभर बोटभर, तो पांढरा चुना वाचू लागलो.