मी खोली बदलणार नाही

सकाळची ड्युटी संपवून घरी आले तेव्हा माझी भांडी बाल्कनीत होती. तवा, कढई, ताट, वाट्या. एका प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून फरशीवर ठेवलेली. बाहेर कडाक्याची थंडी. तवा बर्फासारखा गार पडला होता.

स्वयंपाकघरात स्नेहल बेसन भाजत होती. ओटा लख्ख पुसलेला. कपाटातल्या माझ्या फळीवर नवा कागद अंथरून तिनं देव मांडले होते.

मी विचारलं, "माझी भांडी बाहेर का?"

ती वळली नाही. म्हणाली, "दिवाळीचं देवाचं करायचंय. आईनं सांगितलंय, वेगळं ठेव म्हणून. तू मनाला लावून घेऊ नको ना."

मी अंगातला कोटही काढला नव्हता. तशीच उभी राहिले. घरभर तुपातल्या बेसनाचा वास. सांगायला लाज वाटते, पण त्या वेळी मला राग आलाच नाही. मला भूक लागली होती. सकाळपासून म्हाताऱ्या माणसांना उठवून, धुऊन, भरवून आले होते आणि माझ्या पोटात काही नव्हतं. मी बाल्कनीतून पिशवी उचलली, माझ्या खोलीत नेली, दार लावलं आणि पलंगावर बसून कोरडा पाव खाल्ला.

हे जर्मनीत घडलं. मला वाटत होतं, इतक्या लांब आलं की काही गोष्टी मागंच राहतात.

मी जुन्नर तालुक्यातल्या बोरी बुद्रुकची. आम्ही बौद्ध. माझ्या आज्याच्या पिढीनं दीक्षा घेतली, त्याआधी महार. वडील, म्हणजे पप्पा, आळेफाट्याला मोटारी भरतात. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती घेऊन येतात, पप्पा आतली जळकी तार काढून नवी भरून देतात. आई कांदे काढायला, खुरपायला लोकांच्या रानात जाते. मी मंचरला नर्सिंग केलं, नारायणगावात एका खाजगी दवाखान्यात राबले. तिथंच कळलं की जर्मनीत म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला नर्स लागतात, भाषा शिकली तर नेतात. पुण्यात क्लास लावला. पहिल्या परीक्षेत नापास झाले. दुसऱ्यांदा पास झाले.

स्नेहल त्याच क्लासात होती. आळ्याची. घरच्या डाळिंबाच्या बागा, दारात दोन गाड्या. पण भाषेपुढं आम्ही दोघी सारख्याच अडाणी. एकमेकींची उजळणी घ्यायचो. विमानात ती माझा हात धरून रडली. इथं कंपनीनं आम्हाला एकच घर दिलं. तीन खोल्या, तिसरी रिकामी. स्वयंपाकघर एक. मी भाकरी थापायची, ती भाजी करायची. माझ्या ताटातलं ती उचलून खायची. तिला माझी सुकटीची चटणी लई आवडायची.

आमचं आडनाव दोन्हीकडं चालतं, त्यावरून जात कळत नाही. मी काही लपवलं नव्हतं. तिनं विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

विचारलं तिच्या आईनं. व्हिडिओ कॉलवर. "बोरीची का गं तू? आमची मावशी दिलीय तिथं. बोरीत कुठं घर?"

मी म्हटलं, "ओढ्यापलीकडं. विहाराच्या मागं."

स्क्रीनवरचा चेहरा होता तसाच राहिला. "बरं बरं," म्हणाल्या. स्नेहल फोन घेऊन खोलीत गेली, दार लोटलं. दुसऱ्या दिवशी तिनं चहा एकटीपुरता केला. मग फ्रीजमधला तिचा कप्पा वेगळा झाला. मग तिची भांडी वेगळ्या स्पंजनं घासली जाऊ लागली. मी बघत होते आणि स्वतःला समजावत होते, थकली असेल, तिची सवय असेल. मग दिवाळी आली आणि माझ्या भांड्यांसोबत मीही बाल्कनीत गेले.

कोरडा पाव खाल्ला त्या दिवशी मी कुणाला काही बोलले नाही. नंतर आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "वाढवू नको बाई. तिथं कोण हाय आपलं? र्‍हा आपली येगळी."

पण काम होईना. एका आजोबांना सूप भरवत होते. ते माझ्या हातचं मुकाट जेवत होते आणि मला रडू येत होतं. आमच्या मजल्याच्या प्रमुख फ्राऊ वेबर म्हणून आहेत. त्यांनी मला ऑफिसात बोलावलं. काय झालं म्हणून विचारलं.

आता सांगायचं कसं? माझं जर्मन म्हणजे औषधं, जखमा, जेवण, संडास. जातीला शब्द कुठून आणू? मी म्हणाले, "माझी मैत्रीण माझी भांडी बाहेर ठेवते. ती म्हणते, मी अस्वच्छ."

फ्राऊ वेबर माझ्याकडं वाकल्या. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू भांडी नीट घासली नव्हतीस का?"

त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. पण माझ्या कानशिलात बसावी तसं झालं. मी मान हलवली. म्हणाले, "भांडी स्वच्छ आहेत. मी स्वच्छ आहे. ती म्हणते, मी जन्मापासून अस्वच्छ. माझी आई पण. आईची आई पण."

जन्म हा शब्द मला पक्का येत होता. प्रत्येक नव्या रुग्णाला जन्मतारीख विचारावी लागते.

त्यांनी पेन खाली ठेवला. मी मोडकं तोडकं बोलत राहिले. गाव, ओढा, वस्ती, विहीर. क्रियापदं चुकत होती, शब्दांची लिंगं चुकत होती. अख्ख्या आयुष्यात मी हे कुणासमोर मोठ्यानं बोलले नव्हते. शाळेत नाही, कॉलेजात नाही. घरात आम्ही ते बोलायचो, पण दार लावून. मराठीत जे जिभेवर येत नव्हतं ते परक्या भाषेत चुकत चुकत आलं.

त्यांनी ऐकून घेतलं. तक्रार वर पाठवते म्हणाल्या. स्नेहलशी बोलणं होईल म्हणाल्या. मग कपाटातून एक किल्ली काढली. "दुसरं घर रिकामं आहे. छोटं आहे, पण तुझ्या एकटीचं. खिडकीतून झाडं दिसतात. उद्याच जा. तुला बरं वाटेल."

मी धन्यवाद म्हणाले. किल्ली घेतली. बसमध्ये बसले आणि खिशात हात घालून ती चाचपत राहिले. खरंच बरं वाटत होतं. स्वतःचा ओटा. स्वतःचं दार. कुणाचं तोंड बघायला नको.

उतरायच्या आधी एकदम डोक्यात आलं. आमची वस्ती ओढ्यापलीकडं आहे. तिथंही मोकळं आहे, झाडं आहेत, वारा येतो. तिथं आम्हाला कुणी आणि का ठेवलं, ते लहानपणी मी कधी विचारलं नाही. घर होतं, बस. आता ह्या बाईनं, चांगल्या मनानं, मला पुन्हा ओढ्यापलीकडची किल्ली दिली होती. बाटवणारी मी ठरले होते आणि बाहेर जाणारीही मीच.

सकाळी मी किल्ली त्यांच्या टेबलावर ठेवली. म्हणाले, "मी खोली बदलणार नाही. मी काही केलेलं नाही. ज्याला माझ्यासोबत राहायचं नाही, त्यानं जावं."

त्या म्हणाल्या, "तुला त्रास होईल."

मी म्हणाले, "होऊ दे."

घरी आले, फळीवरचे देव उचलून स्नेहलच्या टेबलावर ठेवले, नीट, कागदासकट. आणि माझी भांडी माझ्या जागी लावली. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "माझ्या पप्पांना सांगते मी."

तिनं सांगितलं. मी सुट्टीवर बोरीला गेले तेव्हा ते आमच्या घरी आले.

दुपार होती. आई कांद्याच्या रानातून नुकतीच आली होती. पप्पा अंगणात एक मोटार उघडून बसले होते. पांढरी गाडी विहारापाशी थांबली. स्नेहलचे वडील उतरले. त्यांना सगळे नानाशेठ म्हणतात. आईनं खुर्ची पुसून दिली. तांब्याभर पाणी आणलं. नानाशेठ म्हणाले, "आत्ताच पिऊन आलो." आईनं तांब्या खाली ठेवला. तो तसाच राहिला.

"सुभाष," ते पप्पांना म्हणाले. पप्पा त्यांच्यापेक्षा वयानं मोठे आहेत. "पोरीपोरींचं भांडान हाय. त्यात कंपनीला कशाला घ्यायचं? परमुलखात आपल्या माणसानं आपल्याच माणसाची तक्रार करायची, बरं दिसतं का?"

पप्पा हातातली तार गुंडाळत म्हणाले, "बघतो शेठ. सांगतो तिला. तुमी काळजी करू नका."

"लगीन जमलंय तिचं. पावणे लई मोठे हायेत. उगा बोभाटा नको. आन तुझा गाळा तर आमच्या आप्पाचाच हाय. आपलं काय आजचं हाय का?"

गाळा म्हणजे पप्पांचं आळेफाट्याचं दुकान. भाड्याचं, त्यांच्याच भावकीतल्या माणसाचं. हे ते सहज बोलावं तसं बोलले. आवाज चढवला नाही. त्याची गरजच नव्हती.

पप्पांनी माझ्याकडं बघितलं. त्या बघण्यात विनंती होती. मी आजवर त्या डोळ्यांना नाही म्हटलं नव्हतं.

मी म्हणाले, "काका, मी इथंच बसलीय. मला विचारा."

नानाशेठ पहिल्यांदा माझ्याकडं वळले. "तर मग तू सांग पोरी. झालं गेलं इसरून जायचं."

"तुमच्या पोरीनं माझी भांडी बाहेर टाकली तेव्हा मी आपलं माणूस नव्हते का?"

"अगं, तिच्या आईनं सांगितलं, तिनं ऐकलं. पोर हाय ती."

"मी पण पोरच आहे. माझी आई पाणी घेऊन आली, ते तुम्ही प्यायला नाहीत."

 पप्पांच्या हातातली तार थांबली. नानाशेठनं तांब्याकडं बघितलं. वाटलं, आता उचलतील. उचलला नाही. उठले.

"तक्रार मागं घेत न्हाईस तर?"

"नाही."

"सुभाष, पोरगी लई शिकलीय तुझी," म्हणाले आणि गाडीकडं चालू लागले.

पप्पा माझ्याशी बोलेनात. आई चुलीपुढं बसून रडली. म्हणाली, "तू जाशील इमानात बसून. आमाला हितंच र्‍हायचंय." तिचं खोटं नव्हतं. 

सुट्टी संपायच्या आत गाळा रिकामा करायचा निरोप आला. मी पप्पांसोबत सामान भरायला गेले. तारेची बंडलं, जुन्या मोटारी, भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो. टेम्पोत बसल्यावर पप्पा बोलले. "तू केलं ते बरोबर का चूक, मला न्हाई सांगता यायचं. धंदा बुडाला तर मी तुला बोल लावीन, हेबी सांगून ठेवतो. पर त्यो मला सुभाष म्हनत व्हता आन मी त्याला शेठ म्हनत व्हतो, हे तू समोर बसून बघितलंस. त्याची मला लई लाज वाटली."

आता पप्पा घराच्या पडवीत मोटारी भरतात. गिऱ्हाईक कमी झालंय. काही येतात, काही रस्त्यात ओळख दाखवत नाहीत. मी फोन केला की आई हे सांगते, पप्पा सांगत नाहीत.

मी परत आले. स्नेहलला कंपनीनं ताकीद दिली. घरात राहायचं तर स्वयंपाकघर सगळ्यांचं, कुणाच्या वस्तू बाहेर टाकायच्या नाहीत. तिनं ऐकून घेतलं. माझ्याशी ती बोलत नाही. तिच्या खोलीतून फोनवरचा तिच्या आईचा आवाज येतो, मी आले की तो बारीक होतो. तिनं माफी मागितलेली नाही. मी त्या माफीची वाट बघत नाही.

मागच्या महिन्यात तिसऱ्या खोलीत नवीन मुलगी आली. आंबेगाव तालुक्यातली, घोडेगावकडची. स्टेशनवरून मीच तिला घेऊन आले. दमलेली होती, डोळे सुजलेले. दारात आली, बॅग अजून हातातच. स्नेहल ओट्यापाशी कांदा चिरत होती.

मी त्या मुलीला म्हणाले, "बॅग ठेवायच्या आधी ऐक. मी बौद्ध आहे. आधीचं विचारशील तर महार. ह्या घरात ओटा एक, कपाट एक, तवा एक. ज्याला चालत नाही त्यानं दुसरं घर मागायचं. मी मागणार नाही."

सुरी थांबली. मुलीनं स्नेहलकडं बघितलं, मग माझ्याकडं. "बरं, ताई," म्हणाली.

त्या 'बरं'चा अर्थ काय, मला कळला नाही. मी विचारलाही नाही. तिच्यानंतर आणखी मुली येतील, आपल्याच भागातल्या, आपलीच भाषा बोलणाऱ्या. येणाऱ्या प्रत्येकीला मी हे दारातच सांगणार. ती काय म्हणते यावर माझं काहीही ठरणार नाही.