दोह्याला निघण्याआधी मोबाईलवर इंटरनेट

मंडळी, परवा मी नोकरीसाठी दोह्याला निघतोय. बायकोला आठवा महिना लागलाय. बाळाचा फोटो तिकडे मोबाईलवर बघता यावा, म्हणून आज दिवसभर इंटरनेट आणि रोमिंगसाठी रत्नागिरीतली दुकानं पालथी घातली.

एक म्हणाला, प्रीपेडवर होणार नाही. दुसऱ्याने कंपनीकडून इंटरनेटचं सेटिंग मागवलं, ते आलंच नाही. शेवटी पोस्टपेड कार्ड घेतलं, तेव्हा कुठे संध्याकाळी सुरू झालं.

दुखऱ्या पायांनी घरी आलो. बायकोला म्हटलं, "झालं एकदाचं. आता फोटो दिसेल."

ती म्हणाली, "फोटो दिसेल हो. पण बाळ जन्मल्यावर त्याच्या कानात पहिली अजान कोण देणार?"

"अब्बा देतील."

"मला तुमच्याच आवाजात हवी होती."

गल्फमधल्या भावांनो, तुमच्यापैकी कुणी फोनवरून अजान दिलीय का?