बेहालातल्या गच्चीवरची खोली

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मी कोलकात्याला फिरायला गेले नव्हते. मुलीचं होऊ घातलेलं सासर पारखायला गेले होते, आणि जमलं तर नापास करून यायचं, असं मनाशी ठरवूनच गेले होते. उभा जन्म शाळेत गणिताचे पेपर तपासले आहेत. चूक सापडेपर्यंत मला चैन पडत नाही.

एस्तेर ही आमची एकुलती एक. तिकडे आयटीत नोकरी करते, बालीगंजला खोली घेऊन राहते. तिला सुदीप्तो मंडल नावाचा मुलगा आवडला. बंगाली, पण आमच्यासारखाच ख्रिस्ती. हे कळल्यावर आमचे हे म्हणाले, "चला, निदान धर्माचा प्रश्न मिटला." माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. आमच्या पणजोबांनी ख्रिस्ती होताना घरातले देव नदीत सोडले तेव्हा भावकीनं त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं होतं. नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कोण कुणाचा, कुणाचा बाप्तिस्मा कुठे झाला, हे सगळं सगळ्यांना पाठ. या बंगाल्यांचं मला काय माहीत? रविवारी चर्चमध्ये आणि सोमवारी भलतीकडे असले तर?

पुण्याहून हावड्याला जाणारी गाडी नगरवरून जाते (अहिल्यानगर म्हणायची सवय अजून व्हायची आहे). थर्ड एसीचं तिकीट दोन महिने आधी काढा, नाहीतर मिळत नाही. एक अख्खा दिवस आणि दोन्ही बाजूंना थोडं थोडं, एवढा प्रवास. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि उकडलेली अंडी नेली होती. नागपूरनंतर डब्यातलं जेवण घेऊ नका, पण चहा घ्या. वाटेत ह्यांनी तीन वेळा बजावलं, "तिथं जाऊन उलटतपासणी घेऊ नकोस." मी म्हटलं, "मी फक्त बघणार आहे."

हावड्याला उतरल्यावर प्रीपेडच्या रांगेत उभं राहून पिवळी टॅक्सी घ्या, बाहेर कुणाशी घासाघीस करू नका. नदीवरचा पूल, मग लांबच लांब गर्दी, आणि मग बेहाला. एकाला एक चिकटलेली घरं, तळमजल्यावर कुठे शिलाईचं दुकान, कुठे ग्रिलची वेल्डिंग. राहायची सोय मंडलांच्याच घरी होती. सुदीप्तोच्या आईनं, मिनतीदींनी, फोनवर हट्टच धरला होता, आणि घर पारखायचं तर त्यात राहूनच पारखावं, म्हणून मीही ताणलं नाही.

घर दोन मजली, जुनं, पण लख्ख. भिंतीवर येशूचं चित्र, चर्चचं कॅलेंडर, टेबलावर खाकी कव्हर घातलेलं बंगाली पवित्र शास्त्र. कव्हर कडेनं काळं पडलेलं, म्हणजे रोज वापरातलं. पहिल्या पेपरात चूक सापडली नाही. मिनतीदी माझ्याच वयाच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, छापील सुती साडीतल्या. जेवायच्या आधी त्यांनी एवढी लांब प्रार्थना केली की फुलक्यासारख्या टम्म लुच्या, म्हणजे मैद्याच्या पुऱ्या, खाली बसल्या. घरात एकूण माणसं किती, असं मी जेवताना सहज विचारलं. "हम और सुदीप्तो, और..." अशी सुरुवात केली त्यांनी, आणि मध्येच थांबून म्हणाल्या, "दीदी, और एक लूची लीजिए."

रात्री मी ह्यांना म्हटलं, "बाईनं उत्तर दिलं नाही."

"लुची दिली ना?"

"तेच म्हणतेय मी."

दुसऱ्या दिवशी पहाटे दारावर फुलवाला आला. केळीच्या पानात बांधलेली पुडी, वरून जास्वंदी डोकावत होत्या आणि तुळशीची एक डहाळी. मिनतीदींनी ती पदराखाली घेतली. मी खिडकीतून पाहत होते. आमच्या घरात फुलं आली की फुलदाणीत जातात, नाहीतर कबरस्तानात. या घरात मी स्वयंपाकघरापासून मोरीपर्यंत फिरून आले, एका फुलाचा पत्ता नाही. वर जाणाऱ्या जिन्यात मात्र धुपाचा वास होता.

"वर काय आहे?" मी सुदीप्तोला विचारलं. मुलगा तसा सरळ आहे, पण कान लाल झाले त्याचे. "पुराना सामान है, आंटी. गच्ची का दरवाजा जाम है." गच्ची हा शब्द एस्तेरनं शिकवलेला. त्याला वाटलं मी खूश होईन.

जाम झालेल्या दारामागच्या गच्चीवर पांढरं लुगडं वाळत होतं. रस्त्यावरून दिसत होतं, बिनकाठाचं, पांढरंफटक. मिनतीदी तसलं नेसत नाहीत. म्हणजे या घरात आणखी एक बाई आहे. चर्चला जाताना मी हे ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "पोलिसात जायला हवं होतंस तू, उगाच शाळेत गेलीस."

चर्च जवळच, चालत जाण्यासारखं. पेटी आणि खोल नावाचा मातीचा मृदंग वाजवून गाणी म्हणतात. शब्द कळत नव्हते, पण आमच्या भजनांसारखीच आतून हलवत होती. प्रभुभोजन घेताना मिनतीदींच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, एवढं मलाही कळतं. मन थोडं सैल होत होतं, तोच बाहेर पायरीवर एका म्हाताऱ्या बाईनं मिनतीदींचा हात धरून विचारलं, "माँ केमोन आछेन?" एवढं बंगाली कुणालाही कळेल. आई कशी आहे! मिनतीदींनी पटकन माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हाला घेऊन रिक्षात बसल्या.

त्या दुपारी एस्तेरनं आम्हाला शहर दाखवलं. माजेरहाटपर्यंत नवी मेट्रो, स्वच्छ आणि स्वस्त. पुढे बस. खजुराच्या गुळाचे संदेश थंडीतच मिळतात, जानेवारीत गेलात तर दुसरं काही खाऊ नका. सियालदहला लोकलनं जायचं असेल तर ऑफिसच्या वेळा टाळा, आम्ही टाळल्या नाहीत आणि ह्यांचा चष्मा गेला. एस्तेर सारखी माझ्या तोंडाकडे बघत होती. "आई, आवडलं ना घर? काकू आवडल्या ना?" मी म्हटलं, "बघू." ती जवळच्या कट्ट्यावर जाऊन बसली. मला वाटलं, दमली असेल.

सोमवारी सकाळी सुदीप्तो कामावर गेला, हे नवा चष्मा करायला गेले. मी आमचे दोन टॉवेल धुतले, पिळले, आणि वाळत घालायच्या निमित्तानं जिना चढले. दार जाम वगैरे काही नव्हतं, हात लावताच उघडलं.

गच्चीच्या टोकाला एक लहान खोली होती. तिच्या उंबऱ्याबाहेर मिनतीदी उभ्या होत्या, खोलीकडे पाठ करून. डोळे मिटलेले, हात एकमेकांत गुंतवलेले, ओठ हलत होते. आमची प्रभूची प्रार्थना, चालीवरून ओळखली. त्यांच्यामागे उघड्या दारातून आतलं दिसत होतं. एक अगदी वाळलेली म्हातारी पाटावर बसली होती, पांढरं लुगडं, केस बारीक कापलेले. समोर चौरंगावर पितळेचा रांगता बाळकृष्ण, जास्वंदी वाहिलेल्या. म्हातारी एका हातानं उदबत्ती ओवाळत होती आणि दुसऱ्या हातानं घंटा हलवत होती. घंटा जोरजोरात हलत होती, आणि आवाज येत नव्हता. आतल्या लोलकाला फडकं गुंडाळून दोऱ्यानं घट्ट बांधलं होतं.

ते फडकं माझ्यासाठी होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही.

मिनतीदींनी प्रार्थना पुरी केली, मगच डोळे उघडले. दचकल्या नाहीत. उलट सुटल्यासारखा श्वास घेतला. "हमारा माँ है," त्या म्हणाल्या. "हम झूठ नहीं बोल सकता, दीदी. इसलिए चुप रहता था."

टॉवेल हातात घेऊन मी तिथेच कठड्यावर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. मिनतीदी मूळच्या हिंदू घरातल्या. बाप्तिस्मा घेऊन सुदीप्तोच्या वडलांशी लग्न केलं, तेव्हा आईनं तोंड बघणार नाही म्हणून सांगितलं, आणि ते पाळलंही. पुढे भावांनी घर विकलं, आईला कुणी ठेवून घेईना, तेव्हा मिनतीदी आणायला गेल्या. "माँ बोला, गोपाल को छोड़के नहीं जाएगा. हम बोला, लेके आओ."

"आणि तुमच्या पाळकांना माहीत आहे?" मी मराठी-हिंदीची खिचडी करून विचारलं.

"सब जानता है. पादरीबाबू बोला, माँ तुम्हारा है, पूजा तुम्हारा नहीं. हम हाथ नहीं जोड़ता. फूल ला देता है, माँ को उठाके बैठा देता है. फिर बाहर खड़ा होके अपना प्रार्थना करता है. गिर ना जाए, इसलिए दूर नहीं जाता."

"घंटा कोणी बांधली?"

या वेळी लुची नव्हती द्यायला. मग हळूच म्हणाल्या, "एस्तेर डरता है, दीदी. आपको."

मला राग आला. खरं सांगते, दया नंतर आली, आधी रागच आला. आणि त्या रागात जे पोटात होतं तेच मी विचारलं. आज तुम्ही आईचं करता, उद्या माझ्या मुलीनं या देवाला अंघोळ घालायची का? तिनं नैवेद्य रांधायचा का?

आतून म्हातारी ओरडली, "के रे, मिनू?" कोण आलंय, म्हणून. मिनतीदींनी सांगितलं, माझा प्रश्नही सांगितला. म्हातारीनं मान वळवून मला नीट, वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्या नजरेशी माझी ओळख होती. मग ती बरंच काही बोलली, फणकाऱ्यानं. मिनतीदी हसायला लागल्या आणि हसता हसता तोंडावर पदर घेतला.

"माँ बोलता है, अपना बेटी को भी गोपाल छूने नहीं देता. बेटी खिरिस्तान हो गया. तो तुम्हारा बेटी को काहे देगा?"

खरंच देत नाही. मिनतीदी भांडी घासून देतात, ती म्हातारी गंगाजळ शिंपडून मग घेते. मिनतीदींनी आणलेली फुलंसुद्धा शिंपडून. लेकीच्या घरात राहते, लेकीच्या हातानं उठते-बसते, आणि लेकीवर काडीचा विश्वास नाही. मी विचारलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?" मिनतीदी म्हणाल्या, "पहले लगता था. अब माँ बूढ़ा हो गया."

मी त्या म्हातारीकडे पाहत बसले. तिचा देव वेगळा, भाषा वेगळी, पण बाकी ती मीच होते. मला ते अजिबात आवडलं नाही.

उठले आणि म्हटलं, "ते फडकं सोडा आधी." मिनतीदी सोडायला वाकल्या, तर म्हातारीनं हातावर चापट मारली आणि स्वतःच दातांनी दोरा तोडला. मग घंटा वाजवली. जरा जास्तच वाजवली, माझ्याकडे बघत. मी टॉवेल वाळत घातले आणि खाली आले. हात मी जोडले नाहीत, ते मला जमणार नाही. पण कानही झाकले नाहीत.

त्यानंतर गंमत झाली. आतापर्यंत मी त्या घरावर नजर ठेवून होते, आता सगळं घर माझ्यावर नजर ठेवायला लागलं. सुदीप्तो मला चहा देताना माझा चेहरा वाचायचा. मिनतीदी माझ्या आवडीचे मासे करून थकल्या. ह्यांना सांगितलं तेव्हा हे एवढंच म्हणाले, "आता काय करणार आहेस?" तेही घाबरतच.

मंगळवारी एस्तेरनं रजा घेतली आणि आम्ही दोघी बालीगंजच्या बाजूला तळ्यावर गेलो. सकाळी जा, मोकळं असतं, बाकांवर पेपर वाचत म्हातारे बसलेले असतात. तिला सगळं कळलेलं होतंच.

"का नाही सांगितलंस मला?"

"तू आलीच नसतीस."

"कशावरून?"

"आई, मी तुला ओळखते." मग तिनं विचारलं, "तू लग्न मोडणार आहेस का?" विचारताना ती माझ्यापासून थोडी सरकून बसली. बाक मोठा होता, जागा भरपूर होती, तरी सरकली.

मला अजूनही सगळं पटलं नव्हतं, आजही पटलेलं नाही. घरातून देव बाहेर काढायला आमच्या माणसांनी एवढं सोसलं, आणि आता माझी मुलगी मूर्तीच्या घरात नांदायला जाणार, हे गळी उतरत नाही. पण त्या बाकावर मला एक स्पष्ट दिसत होतं. मुलीचा धर्म बुडेल या भीतीनं मी इतक्या लांब आले होते, आणि मुलगीच हातची चालली होती. "विचार करून सांगते," मी म्हटलं. तिनं मान हलवली.

नगरला परतल्यावर पहिल्याच रविवारी उपासनेनंतर आमच्या पाळकसाहेबांनी गाठलं. लग्नासाठी मंडळीचा दाखला त्यांच्याकडूनच घ्यायचा असतो.

"कसं आहे घराणं? विश्वासात आहेत ना?"

"आई तर माझ्यापेक्षा जास्त आहे."

"घरात मूर्ती वगैरे?"

नाही म्हणणं सोपं होतं. घंटेला फडकं बांधण्याइतकंच सोपं.

"आहे," मी म्हटलं. "विहिणीच्या आईची आहे. ती आपल्याला हात लावू देत नाही, आणि आपण लावणारही नाही. विहीणबाई आईला सांभाळतात, तिच्या देवासकट. माझ्या मुलीला त्या घरात द्यायला माझी काही हरकत नाही."

पाळकसाहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. शेवटी म्हणाले, "लग्नाचं मे महिन्यात बघू या का?"

संध्याकाळी एस्तेरला फोन केला. पाळकांनी काय विचारलं, मी काय सांगितलं, सगळं सांगितलं. मला वाटलं, रडत असेल. रडत नव्हती.

"आई," ती जपून म्हणाली, "यात काही अट आहे का?"

"नाही."

"नक्की? मागाहून काही काढणार नाहीस?"

"नाही गं."

"मग बाबांना फोन दे," ती म्हणाली. "त्यांना विचारते."

मी फोन ह्यांच्या हातात दिला.