डोळे आखायला जाताना खाल्लेला बर्गर

सकाळी पेणजवळच्या हमरापूरहून निघताना पिशवीत तीन बारीक ब्रश होते आणि पोटात चहासुद्धा नव्हता. इंदूरच्या एका मंडळाची गणपतीची मोठी मूर्ती आमच्या कारखान्यातून ट्रकने पुढे गेली होती. तिची आखणी (डोळे रंगवण्याचं काम) जागेवर व्हायची होती. ते काम माझे थोरले दीर नाना करतात. पण शिडीवरून पडून त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला, म्हणून मी निघाले. नाना दारात उभं राहून म्हणाले, "आखणी होईपर्यंत तोंडात काय घालायचं नाय. आन् डोळा चुकला, तर यापुढं नुसता पॉलिश पेपर घासायचा. ब्रशला हात नाय लावायचा."

आमच्या घरची रीतच आहे, डोळे उपाशीपोटी आखायचे. मागच्या वर्षी मीही ती पाळली. तिसऱ्या मूर्तीला हात थरथरला आणि बुबुळ नाकाकडे सरकलं. बाईचा हात तो, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. मला अजून राग येतो. हात भुकेने कापला होता. माझं माहेर रोह्याचं, भातशेतीवालं. तिथे लावणीला उपाशी माणसाला कुणी चिखलात उतरू देत नाही.

गाव मागे पडलं आणि खड्डे मोजत गाडी विमानतळावर पोचली. तपासणीच्या बाईंनी ब्रश उलटेसुलटे करून पाहिले.

"मेकअपचे का?"

"हो, गणपतीच्या," मी म्हटलं.

विमानाला दीड तास होता. समोर एक स्पोर्ट्स बार होता. भिंतीभर टीव्ही, सगळीकडे क्रिकेट, आणि भल्या सकाळी बिअर घेऊन बसलेले पुरुष. दारावरून मी दोनदा पुढे गेले. तिसऱ्यांदा आत शिरले आणि साडी सावरत उंच स्टुलावर चढले.

"मावशी, हा बार हाय," ऑर्डर घ्यायला आलेली मुलगी हळूच म्हणाली.

बोलणं आपल्याकडचं वाटलं. "कुठली गो तू?"

"नागोठण्याची."

"बार हाय ते दिसतंय मला. श्रावण हाय, अंडं-मटण नको. पोटाला आधार होईल असं काय हाय?"

तिने बटाट्याचा बर्गर आणला. वडापावच, फक्त उंच, तोंडात मावेना. शेजारचे गृहस्थ मॅच सोडून माझ्याकडे बघू लागले. मी सुरीने कापून सावकाश खाल्ला. अर्ध्यावर नानांचा फोन आला.

"कसला गोंगाट हाय?"

"बारमध्ये बसलेय."

"काय खाल्लं नाय ना?"

खोटं बोलता आलं असतं. "खातेय नाना. पोटभर."

फोन बंद झाला. आता डोळा चुकला तर कारण मीच त्यांच्या हातात दिलं होतं. तरी बर्गर संपवला, वर चहा मागवला.

दुपारी इंदूरला शिडीवर चढले आणि दोन्ही डोळे आखून खाली उतरले. हात कापला नाही.

परतल्यावर नानांनी मोबाईलमधला फोटो डाव्या हाताने मोठा करून एकेक बुबुळ तपासलं. "सरळ हायेत," एवढंच म्हणाले. बाप्पाला माझं भरलेलं पोट चालतं, हे मला इंदूरला कळलं. घरच्यांना चालेल तेव्हा चालेल.

दुसऱ्या दिवशी आखणीच्या मूर्ती रांगेत लागल्या होत्या. मी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं घेऊन कारखान्यातच, नानांच्या समोर बसले. सगळं संपवलं, हात धुतले आणि पहिली मूर्ती पुढ्यात ओढली.