मंडईतल्या हत्तीला मी अडवलं

आज सकाळी नारायण पेठेत नवशिक्यांचा नाटकाचा वर्ग घेत होते. खेळ सोपा होता. प्रत्येकाने गोष्टीत एक वाक्य जोडायचं, आधीचं खोडायचं नाही.

आयटीत काम करणारी वैशाली तीन आठवडे गप्पच होती. आज प्रथमच म्हणाली, "तेवढ्यात मंडईत हत्ती आला."

मी पटकन बोलले, "अगं, तिथे स्कूटर शिरत नाही!"

सगळे हसले. वैशाली पुटपुटली, "राहू दे, मॅडम."

तिच्या शेजारी बसलेले वर्गातले निवृत्त काका शांतपणे म्हणाले, "आला होता. माझी कोथिंबीर त्यानेच खाल्ली."

वैशालीने मान वर केली. "आणि वर विचारलं, मेथी कुठे मिळेल?"

नंतर मी तिची माफी मागितली. पण कोणी पहिल्यांदाच बोलत असताना चूक काढायची आपल्याला एवढी घाई का असते?