जागा केली

योगेंद्र खोटं बोलायला शिकला वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आणि तेही अक्कांशी. ज्या बाईनं त्याला मराठी वाचायला शिकवलं, तिच्याशी! देवासच्या कारखान्यात नोकरीला आलेल्या बापाचा मुलगा, शिक्षण सगळं हिंदीत. मराठी घरात बोलण्यापुरती. अक्कांचे सासरे धार संस्थानात कारकून होते, त्या स्वतः शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. दर रविवारी इंदूरला बस बदलून योगेंद्र धारला त्यांच्याकडे जायचा.

अक्कांजवळ एक वही होती. धारमधल्या मराठी घरांतून कुणाचं श्राद्ध कोणत्या तिथीला, ते सगळं त्यात. ही वही का लागायची, ते सांगतो. बाजारातलं हिंदी पंचांग पौर्णिमा झाली की महिना बदलतं, आपला बदलतो अमावास्येनंतर. म्हणजे आपला कार्तिक वद्य त्यांच्या पंचांगात अगहनात, म्हणजे मार्गशीर्षात, जाऊन बसतो. नव्या पोरांना हे कोण सांगणार? २००८ साली खुद्द अक्कांच्याच घरी घोळ झाला. त्यांच्या डोळ्यांनी दगा दिलेला, म्हणून शेजारच्या मुलीनं हिंदी पंचांगातला कार्तिक वद्य वाचून सांगितला, आणि दादांचं, म्हणजे अक्कांच्या यजमानांचं, श्राद्ध चक्क महिनाभर आधी झालं. खऱ्या तिथीला अक्का मजेत वांग्याची भाजी जेवल्या. कळलं तेव्हा दोन दिवस त्यांच्या घशाखाली घास उतरला नाही.

"तू फोनचं काहीतरी करतोस ना?" त्यांनी विचारलं. "आदल्या दिवशी वाजेल असं काही कर की."

"करतो. आणि सर्वांत आधी तुमच्या फोनवर," योगेंद्रनं छातीवर हात ठेवून सांगितलं.

अक्कांचा फोन बटणांचा. दादांचाच तो, त्यांच्यामागे अक्का वापरत होत्या. योगेंद्रनं वही उतरवून घेतली, गणित बसवलं, आणि मग गाडी अडली. बटणांच्या फोनांच्या शंभर जाती, प्रत्येकाचा पडदा वेगळा, एकावर चाललेलं दुसऱ्यावर बंद. नवा अँड्रॉइड तर अजून कुणाच्या हातात दिसत नव्हता. तेवढ्यात कॉलेजातला मित्र शंतनू अमेरिकेहून आला, जुना मॅक संगणक घेऊन.

"अरे भिया, बटणवालों के लिए कौन बनाता है अब?" तो म्हणाला. "आयफोनवर टाक. एकच पडदा, विकायलाही एकच दुकान. तिकडची आपली मंडळी डोक्यावर घेतील."

नोकरी सांभाळून एकच काही जमणार होतं. योगेंद्रनं आयफोन निवडला. आणि खरोखर डोक्यावर घेतलं हो मंडळींनी! न्यू जर्सीहून, पुण्याहून पत्रं आली. वही अक्कांची, वाजत होती सातासमुद्रापार. आणि धारमध्ये एका घरातही नाही.

अक्का विचारायच्या, "माझ्या फोनवर कधी?" पहिल्यांदा तो म्हणाला, पुढच्या महिन्यात. मग म्हणाला, थोडं काम बाकी आहे. आणि उन्हाळ्यात काही सुचेना तेव्हा ठोकून दिलं, "अक्का, तुमच्या फोनात जागाच कमी आहे."

झालं, प्रश्न संपला. पण त्या दिवसापासून धारला जायचं त्याच्या जिवावर यायला लागलं. मेल्याला स्वतःचीच लाज वाटायची. एक रविवार चुकवला, मग दुसरा. दसऱ्यानंतर मात्र राहवेना. सगळं कबूल करून मोकळं व्हायचं, असं ठरवून तो गेला.

तो तोंड उघडण्याआधीच अक्कांनी फोन त्याच्या हातात ठेवला. "घे, जागा केली. आता टाक तुझं ते."

"काय पुसलंत?"

"यांचा आवाज होता रे. पूजेला बसले होते आणि चुकून ते रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं. पाऊण तासाचं. स्तोत्र म्हणताहेत, मध्येच मला हाक मारताहेत गूळ दे म्हणून, माझा कुकर वाजतोय. दुपारी ऐकायची मी. फोनच्या दुकानातली मुलगी म्हणाली, सगळ्यात जास्त जागा त्यानंच खाल्लीय." त्यांनी पदर सारखा केला. "दोन दिवस विचार केला. म्हटलं, आवाज माझ्यापुरता. तिथी त्यांची आहे, ती पुन्हा चुकायला नको."

योगेंद्रनं फोन खाली ठेवला.

"अक्का, जागा होती. पहिल्यापासून होती. मी खोटं बोललो. तुमचं काम मागं टाकलं मी."

अक्कांनी शिव्या दिल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर त्यानं पायावर डोकं ठेवलं असतं.

"म्हणजे उगीच पुसला," त्या म्हणाल्या, आणि उठून आत गेल्या.

योगेंद्रनं रजा टाकली. शंभर फोनांचं सोडलं, एका फोनासाठी बसला. चार आठवड्यांत झालं. चारच आठवड्यांचं काम होतं ते!

कार्तिक वद्य सप्तमीला सकाळी तो कामावर असताना अक्कांचा फोन आला.

"वाजला रे," त्या म्हणाल्या. "उद्या अष्टमी. जेवायला ये. दादांना गुळाची खीर आवडायची."

तो गेला. पान वाढलं होतं, खीर होती. अक्कांनी आग्रह करून वाढली, आणि त्याला एक घास गिळवेना.